पेटीतला रातकिडा

“कॉम्प्युटरच्या पेटीतून बारीक, कानात घुसणारी शिट्टी येते. मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. काय बिघडलं असेल?”

या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: फॅन साफ करून घ्या. फॅन साफ होतो, शिट्टी तशीच राहते. मग कुणी सांगतं मदरबोर्ड जायच्या बेतात आहे, कुणी सांगतं जुना झाला, आता नवीनच घ्या. खरं तर ही शिट्टी फारशी हत्यारं न वापरता, जागच्या जागी शोधता येते. पुष्कळदा ती धोक्याची नसतेच. काही वेळा मात्र असते, आणि तेवढ्यासाठी ती शोधायला हवी.

शोधायला जागा घेऊ यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. कापूस आणि सोयाबीनचा मुलूख, पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा. समजा, इथल्या एका सेवा केंद्रात दोन कॉम्प्युटर आहेत. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सगळं त्यांच्यावरच. जुलैत विम्याची मुदत जवळ आली की सकाळपासून रांग लागते. अशा वेळी पेटी पुसदला दुरुस्तीला धाडायची म्हणजे निम्मं केंद्र बंद. केंद्र चालवणारे काका पंचावन्नचे, हाताखाली बारावी झालेला मुलगा.

“काका, पेटी शिट्टी मारून राहिली न.”

“मले तं काहीच आयकू येत नाही.”

“बारीक आहे. आता थांबली पाहा.”

दोघंही खरं बोलतायत. सुरुवात तिथूनच करू.

१. एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला का नाही?

आवाज म्हणजे हवेचं हेलकावणं. सेकंदाला किती हेलकावे, हे हर्ट्झमध्ये मोजतात. हेलकावे कमी तर आवाज जाड, जास्त तर बारीक. लहान मुलाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तशी वरची हद्द खाली येते, कारण आतल्या कानातल्या सर्वांत बारीक आवाज टिपणाऱ्या केसपेशी आधी झिजतात. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना १२,००० च्या वरचं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्याखालचे हलके बारीक आवाजही निसटतात. रोजच्या बोलण्याचा बहुतेक भाग याच्या बराच खाली असतो, म्हणून त्यांना आपल्या कानात काही कमी झालंय असं वाटतही नाही.

महाराष्ट्रातल्या घराघरांत हा प्रयोग नकळत होऊन गेलेला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या काळात काचेच्या जाड नळीचे टीव्ही गावोगावी पोचले. त्या पडद्यावरचं चित्र ६२५ आडव्या रेघांचं असे आणि सेकंदाला अशी २५ पूर्ण चित्रं येत. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. सेकंदाला इतक्या वेळा टीव्हीच्या आतल्या कॉइलना आणि मेकॅनिक ज्याला ईएचटी म्हणत त्या ट्रान्सफॉर्मरला झटका बसे, आणि त्यातून १५,६२५ हर्ट्झची शिट्टी निघे. आवाजाचं बटण शून्यावर असलं तरी शेजारच्या खोलीतला टीव्ही चालू आहे हे मुलांना कळायचं. आजोबांना कधीच कळायचं नाही.

तेव्हा शिट्टी शोधताना पहिला मदतनीस म्हणजे तरुण कान. दुसरा मदतनीस खिशात असतो. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. कोणताही गुंतागुंतीचा आवाज साध्या, एकसुरी आवाजांत फोडून दाखवता येतो, ही फ्रेंच गणिती फूरिएच्या कामातून आलेली कल्पना. त्याचा ग्रंथ १८२२ चा. अ‍ॅप तेच करतं. आलेखावर डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. फॅनचा वारा डाव्या बाजूला पसरट ढिगारा म्हणून दिसतो आणि शिट्टी असली तर उजवीकडे एक सडपातळ उभी रेघ येते. काकांना जे ऐकू येत नाही ते डोळ्यांनी दिसतं.

२. आवाजाचा माग लागत का नाही?

आवाज कुठून येतोय हे आपण दोन कानांनी ताडतो. जाड आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांश एवढा, पण मेंदू तो पकडतो. बारीक आवाजाचे हेलकावे इतके दाट असतात की ही वेळेची युक्ती चालत नाही. तिथे दुसरी युक्ती: डोकं मध्ये आल्यानं पलीकडच्या कानाला आवाज कमी पोचतो, त्या फरकावरून दिशा कळते. या दोन युक्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, कान सर्वांत जास्त चुकतो.

त्यात कॉम्प्युटरची पेटी पत्र्याची. आवाज आत आपटून आपटून जाळीतून, फटींतून, टेबलाखालच्या भिंतीवरून बाहेर पडतो. हिशेब करून पाहू. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शिट्टी १०,००० हर्ट्झची असेल तर एका हेलकाव्याची लांबी ३४० भागिले १०,०००, म्हणजे ३.४ सेंटिमीटर. थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांत मिसळले की कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी, आणि हे ठिपके दोन-दोन सेंटिमीटरवर बदलतात. मान जराशी वळवली की शिट्टी नाहीशी होते, परत आणली की येते. माणसाला वाटतं आवाजच बंद झाला.

श्रावणात रात्री घरात शिरलेला रातकिडा शोधताना हाच अनुभव येतो. कपाटामागून वाटतो, तिकडे गेलं की दारामागून. पण अनुभवी माणसाला ठाऊक असतं की तो कुठे आहे यापेक्षा तो कधी गप्प बसतो हे जास्त उपयोगाचं. ज्या बाजूनं पाऊल टाकल्यावर तो थांबतो, त्या बाजूला तो असतो.

माझ्या मते या सगळ्या शोधातली मुख्य गोष्ट हीच आहे. “कुठून येतोय?” हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा आणि आधी विचारायचं, “हा बदलतो कशानं?” एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि शिट्टीचं काय होतं ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की हाती काही लागत नाही.

३. फिरणारे भाग

पेटीत फिरणारे भाग थोडेच. प्रोसेसरवरचा फॅन, पेटीचा मागचा फॅन, एसएमपीएसमधला (पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्यातला) फॅन, ग्राफिक्स कार्ड असलं तर त्याचा, आणि जुन्या यंत्रात हार्ड डिस्क.

सगळे आधी फॅनलाच दोष देतात, म्हणून त्याचा हिशेब. फॅन मिनिटाला १,२०० फेरे घेतो असं धरू. म्हणजे सेकंदाला २०. पाती ७, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला १४० पाती जातात. पात्यांचा आवाज १४० हर्ट्झच्या आसपास, जाड घरघर. पात्यांनी १०,००० हर्ट्झची शिट्टी काढायची तर फॅनला मिनिटाला पंचाऐंशी हजारांहून जास्त फेरे घ्यावे लागतील. तसा फॅन पेटीत नसतो. तेव्हा एकसुरी, स्वच्छ, अगदी बारीक शिट्टी पात्यांची नाही.

पण फॅनचं बेअरिंग कुरकुरू शकतं. साध्या फॅनमध्ये दांडा एका बुशमध्ये फिरतो आणि मध्ये तेलाचा थर असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे तेल पातळ होऊन निसटतं, उरलेल्यात धूळ आणि कापसाचे तंतू कालवले जातात, मग दांडा कोरडा घासतो. त्याची खूण अशी की हिवाळ्यात सकाळी सुरू करताना तो किंचाळतो आणि पाच-दहा मिनिटांत गरम होऊन गप्प होतो. त्याचा सूर एकसारखा नसतो, थरथरतो, फॅनचा वेग बदलला की तोही वर-खाली होतो.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० भागिले ६० म्हणजे १२०, तिचाही मूळ आवाज जाड. पूर्वीच्या डिस्कमध्ये बारीक गोळ्यांचं बेअरिंग असे, त्या जुन्या झाल्या की खरोखरच शिट्टी वाजवत. आता तेलाच्या थरावर फिरणारी बेअरिंग आली आणि तो आवाज जवळपास गेला. म्हणूनच एखादी हार्ड डिस्क आज नव्यानं शिट्टी किंवा टकटक करू लागली तर पुढचं काही वाचत बसू नका. आधी त्यातला डेटा पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या.

४. न फिरणारी वस्तू वाजते कशी?

खरं कोडं इथे आहे. जिच्यात काहीच हलत नाही ती वस्तू आवाज कसा करते?

गावातल्या डीपीजवळ, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, उभं राहा. आत एकही भाग फिरत नाही, तरी ती घुमत असते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशेची फेरी पूर्ण करते. प्रत्येक फेरीत डीपीच्या गाभ्यातलं पोलाद दोनदा चुंबक होतं, एकदा या दिशेनं, एकदा त्या दिशेनं. लोखंड चुंबक होताना त्याची लांबी किंचित बदलते. जेम्स जूलनं हे १८४२ मध्ये नोंदवलं. बदल दहा लाखांत काही भाग इतकाच, पण सेकंदाला १०० वेळा होतो. म्हणून डीपीचा हुंकार १०० हर्ट्झचा.

दुसरं कारण तारेचं. शेजारच्या दोन तारांतून एकाच दिशेनं वीज वाहिली तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे आम्पेअरनं १८२० मध्ये दाखवलं. कॉइल म्हणजे अशा तारेचे एकाशेजारी एक वेढे. वीज कमी-जास्त झाली की वेढे आवळतात, सैल होतात. वरून वॉर्निश लावून ते घट्ट केलेले असतात, पण वर्षानुवर्षं तापून-निवून वॉर्निश भेगाळलं की थरथर वाढते. जुन्या ट्यूबलाइटची तांब्याची चोक रात्री घोंघावायची ती या दोन कारणांनी.

आता पेटी उघडून प्रोसेसरच्या कडेला पाहा. करड्या रंगाचे, नखाएवढे चौकोनी ठोकळे रांगेनं बसलेले दिसतील. वर ‘आर’ अक्षर आणि एखाद-दोन आकडे छापलेले. त्यासुद्धा चोकच आहेत. त्यांच्यातून जाणारी वीज ऐकली तर आश्चर्य वाटेल. ६५ वॅटचा प्रोसेसर साधारण १.३ व्होल्टवर पूर्ण ताकदीनं चालला तर ६५ भागिले १.३, म्हणजे ५० अँपिअर. शेतातला पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप एका फेजमधून साडेसात-आठ अँपिअर घेतो. पंपाच्या वायरीतून जाते त्याच्या सहापट वीज त्या नखाएवढ्या ठोकळ्यांतून वाटून जाते. ताकदीनं मोठी नाही, कारण व्होल्टेज अगदी कमी. पण चोकमधल्या तारेला ओढ देते ती वीजच.

आणि ही वीज एका लयीत वाहत नाही. काम नसलं की प्रोसेसर झोपतो, कळ दाबली की उठतो, पुन्हा झोपतो. ब्राउझर किंवा व्हिडिओ चालू असला तर हे झोपणं-उठणं सेकंदाला हजार वेळाही होतं. प्रत्येक वेळी चोकला झटका. हजार झटके म्हणजे १,००० हर्ट्झ, आणि त्याच्यासोबत त्याचे पटीतले सूर: दोन हजार, तीन हजार, असे वर वर. काही यंत्रांत माउसचं चाक फिरवून पान सरकवलं की चिर्र होतं, ते यामुळे. गेम खेळणाऱ्यांचा अनुभव आणखी स्पष्ट आहे. खेळ सुरू होण्याआधीच्या साध्या पडद्यावर ग्राफिक्स कार्डाला काम कमी असतं, ते सेकंदाला दोन हजार चित्रंही काढू लागतं, आणि त्याच्या चोक दोन हजारांच्या सुरात किंचाळतात. सेटिंगमध्ये चित्रांची संख्या ६० वर बांधली की शिट्टी थांबते. काहीही न उघडता, न बदलता.

पुढचा उगम एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पेटीला हवी तशी करून देणारा पत्र्याचा डबा. तो २३० व्होल्टच्या विजेची आधी एकदिश वीज करतो आणि मग तिचे सेकंदाला लाखभर तुकडे करतो. इतके तुकडे का? तुकडे जितके जास्त, तितका आतला ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. सेकंदाला लाख म्हणजे आपल्या कानाच्या खूप वर, म्हणून एरवी तो गप्प वाटतो. पण पेटीला काम नसलं की एवढी वीज लागत नाही. मग अनेक एसएमपीएस वीज वाचवण्यासाठी थोडे तुकडे देतात, थांबतात, पुन्हा थोडे देतात. हे देणं-थांबणं सेकंदाला चार-पाच हजारदा झालं की ते थेट कानाच्या टप्प्यात येतं. म्हणजे यंत्र रिकामं बसलं की शिट्टी, कामाला लागलं की शांतता. लोकांची समजूत नेमकी उलट असते. जास्त आवाज म्हणजे जास्त काम, असं आपण धरून चालतो आणि तिथेच चकतो.

शेवटचा उगम लहानसा. बोर्डवर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर असतात. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो, हे जाक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी उलटंही खरं ठरलं: वीज दिली की स्फटिक आकार बदलतो. या कपॅसिटरच्या मातीतही तो गुण आहे. कणी स्वतः फार हवा हलवू शकत नाही, पण ती ज्या बोर्डला डाख देऊन बसवलेली असते तो बोर्ड सगळाच तिच्याबरोबर थरथरतो.

५. आधी बाहेरचं बाहेर काढा

फुलसावंगीच्या त्या केंद्रात परत जाऊ. पेटीला हात लावण्याआधी एक्स्टेंशन बोर्ड बघायचा. त्यावर दोन मोबाइल चार्जर, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, मॉनिटर, यूपीएस. स्वस्तातला चार्जर मोबाइल न लावता नुसता खोचून ठेवला की हलकी शिट्टी वाजवतो, आणि ती पेटीतून येतेय असंच वाटतं. एकेक काढायचं, दर वेळी दहा सेकंद ऐकायचं.

स्पीकर काढून पाहायचे. स्पीकरमधून येणारी चिरचिर पुष्कळदा माउस हलवला की बदलते, आणि तिचा इलाज बहुधा वायरी आणि अर्थिंग यांत असतो. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण वर, मग अर्ध्यावर आणायचा. शिट्टी त्याप्रमाणे बदलली तर ती पडद्याच्या दिव्याची. लाइट गेल्यावर यूपीएसवरच आवाज येत असेल तर तीही मोठी खूण आहे. पुष्कळ लहान यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत लहरींची वीज देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची देतात, आणि काही एसएमपीएस अशा विजेवर करकरतात.

पेटीतली एक शिट्टी मात्र मुद्दामच ठेवलेली असते. मदरबोर्डला जोडलेला छोटा बझर उंच-नीच, उंच-नीच असा वाजू लागला तर अनेक बोर्डांवर त्याचा अर्थ प्रोसेसर तापला असा असतो. तेव्हा शोध नंतर, यंत्र आधी बंद.

६. हात घालण्याआधी

फुलसावंगीचं नाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरच्या बातम्यांत आलं होतं. गावातल्या एका तरुण वेल्डरनं स्वतःच्या हातानं एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधलं. चाचणीच्या वेळी मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्याला लागलं, त्या पंख्याचा आघात तरुणाच्या डोक्यावर झाला आणि त्या हुशार मुलाचा जीव गेला. यंत्र उघडून आत काय चाललंय ते बघायची ओढ असलेल्या गावातल्या मुलांना मी कधीच ‘हात लावू नका’ म्हणणार नाही. पण चालू यंत्राची ताकद ओळखूनच हात लावा, हे मनापासून सांगेन.

कॉम्प्युटरच्या पेटीत धोका एकाच ठिकाणी मोठा आहे, तो एसएमपीएसच्या डब्यात. २३० व्होल्टची लहर आपल्या टोकाला २३० गुणिले १.४१, म्हणजे जवळपास ३२५ व्होल्टपर्यंत चढते, आणि तेवढी वीज आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहते. पिन काढल्यावरही काही काळ राहते. तो डबा उघडायचा नाही, कुणी कितीही सोपं सांगितलं तरी नाही. मदरबोर्डवर १२ व्होल्टच्या वर काही नसतं, तिथे तुम्हाला शॉक बसायचा नाही. पण स्क्रू किंवा स्क्रूड्रायव्हर पडला तर बोर्ड जळेल. मोटर मेकॅनिक इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावतात, ती पद्धत इथे चालणार नाही.

त्याऐवजी पुठ्ठ्याची नळी घ्या. १८१६ मध्ये रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तोच पहिला स्टेथोस्कोप. फॉइलच्या किंवा फ्लेक्सच्या रोलमधली नळी एका कानाला, दुसऱ्या कानात बोट, आणि नळीचं टोक एकेका भागासमोर दोन बोटं अंतरावर धरायचं. पत्र्यावरून परतणारा आवाज बराचसा गळतो. हे मात्र शेवटी करायचं, ‘कधी’चं उत्तर मिळाल्यावर.

७. शिट्टी कधी वाजते?

मुलानं आता पद्धतशीर सुरुवात केली आहे. चार्जर, स्पीकर, मॉनिटर सगळं बाजूला झालं, शिट्टी आहेच. कॉम्प्युटर शटडाउन केला, पण भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं. शिट्टी अगदी क्षीण झाली, पण गेली नाही. म्हणजे कुठलाच फॅन आणि डिस्क फिरत नसताना आवाज आहे. फिरणारे भाग इथेच सुटले. बटण बंद केलं आणि काही सेकंदांनी ती विरली. बंद पेटीतही एसएमपीएस मदरबोर्डला थोडी वीज पुरवत असतो, संशयाची सुई त्याच्याकडे वळली.

पण घाई नको. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि विंडोज येण्याआधी बायोसच्या पडद्यावर थांबवला. तिथे प्रोसेसर सहसा गाढ झोपत नाही. शिट्टी नाही. विंडोजमध्ये गेला, काही न करता बसला: शिट्टी. मोबाइलच्या आलेखात उभी रेघ, आठ हजारांच्या थोडी पुढे. मग एक मोठं फोल्डर झिप करायला लावलं. रेघ पडली. झिप संपलं, रेघ परत उभी.

“काका, फॉर्म भरताना वाजत नाही. रिकामी असली का वाजते.”

“मंग रांग असल्यावर तं वाजतच नसन.”

“हो न. म्हणून कोणाच्या ध्यानात नाही आलं.”

आता दोनच संशयित उरले: मदरबोर्डवरच्या चोक किंवा एसएमपीएस. दोघांनाही रिकामपणी वाजायची सवय असते. इथे अदलाबदलीसारखा पुरावा नाही. दोन्ही पेट्यांच्या पिना काढल्या, शेजारच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस याला आणि याचा त्याला लावला. डबा न उघडता हे करता येतं. चार स्क्रू आणि जोडण्या, फक्त जोडण्यांचा मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवायचा आणि दोन्ही एसएमपीएस सारख्या ताकदीचे आहेत ना, ते वरच्या लेबलवर पाहायचं. शिट्टी शेजारच्या पेटीत गेली. मदरबोर्ड निर्दोष.

८. सापडल्यावर

एसएमपीएसची नुसती शिट्टी असेल, बाकी काही नसेल, तर बदलायची सक्ती नाही. ती वर्षानुवर्षं वाजत राहू शकते. पण जळका वास, कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होणं, किंवा बोर्डवरच्या उभ्या गोल कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसणं, यातलं काहीही जोडीला असेल तर ती शिट्टी इशारा समजायची. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेल्या कपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड असेच फुगून मेले. सपाट टोपी ठीक, घुमटाकार टोपी बाद.

मदरबोर्डच्या चोक वाजत असतील तर बायोसमध्ये प्रोसेसरची गाढ झोप बंद करण्याची सोय असते; वीज थोडी जास्त जाते, आवाज बहुधा जातो. फॅनचं बेअरिंग असेल तर मागचं लेबल सोलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर फॅन भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग आणखी खराब होतं. तेलानं महिना-दोन महिने निघतात, मग नवा फॅन लावलेला बरा.

आणि पेटी पुसदला किंवा उमरखेडला न्यायचीच वेळ आली, तर तिथे ती शिट्टी वाजेलच याची खात्री नसते. दुकानात वीज वेगळी, यूपीएस वेगळा, आजूबाजूला गोंगाट, आणि कारागीर चाळिशीपुढचा असला तर त्याचा कानही वेगळा. “आवाज तर नाही येत” म्हणून पेटी तशीच परत येते. म्हणून पेटीवर चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावावी. त्या मुलानं लिहिली असती तर ती अशी झाली असती: “शटडाउन करून बटण चालू ठेवलं तरी हलका आवाज. बायोसमध्ये नाही. विंडोजमध्ये रिकामं असताना येतो, झिप करताना थांबतो. आठ हजार हर्ट्झच्या थोडा पुढे, मोबाइलवर फोटो आहे. एसएमपीएस दुसऱ्या पेटीत लावला तर आवाज तिकडे जातो. फॅन, डिस्क, चार्जर, स्पीकर पाहून झाले.”